साक्षीचे वजन : बलात्काराच्या खटल्यांतील अपिले आणि पुराव्याचे नियम



फौजदारी न्यायदानाविषयी बोलणे निघाले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम सत्र न्यायालय उभे राहते. साक्षीदाराचा पिंजरा, उलटतपासणी घेणारा वकील आणि अधूनमधून मान वर करून साक्षीदाराकडे पाहणारे न्यायाधीश असे ते दृश्य असते. अपिलाच्या न्यायालयाचे चित्र मात्र सामान्य नागरिकाच्या मनात क्वचितच असते. तेथे सहसा साक्षीदार येत नाही, तेथे कागद येतात. खालच्या न्यायालयात नोंदवलेल्या साक्षी, वैद्यकीय प्रमाणपत्र, पंचनामे, रासायनिक पृथक्करणाचा अहवाल आणि निकालपत्र यांचा एक बांधीव ग्रंथ तयार होतो. वकिलांच्या भाषेत त्याला ‘पेपर-बुक’ म्हणतात. एखाद्या माणसाने तुरुंगात राहावे की घरी जावे, आणि एखाद्या स्त्रीचे म्हणणे खरे मानले जावे की नाही, याचा अखेरचा निर्णय पुष्कळदा या ग्रंथाच्या वाचनावर अवलंबून असतो.

हा ग्रंथ कसा तयार होतो, हे आधी पाहिले पाहिजे. सत्र न्यायालयात साक्ष होते ती मराठीत, हिंदीत, पंजाबीत किंवा त्या त्या मुलखाच्या बोलीत. दंडप्रक्रियेच्या नियमाप्रमाणे ही साक्ष साधारणतः प्रश्नोत्तरांच्या रूपात उतरवली जात नाही, ती सलग निवेदनाच्या रूपात लिहून घेतली जाते. वकील विचारतो, “तू ओरडली नाहीस ना?” साक्षीदार मान हलवते. नोंद होते ती अशी : “हे म्हणणे खरे आहे की, मी आरडाओरडा केला नाही.” साक्षीदाराने जे वाक्य कधी उच्चारलेच नाही, ते तिच्या तोंडी कायमचे बसते. पुढे त्याचा इंग्रजी अनुवाद होतो आणि काही वर्षांनी तो उच्च न्यायालयापुढे वाचला जातो. प्रश्नाचा सूर, उत्तरापूर्वीची स्तब्धता आणि डोळ्यांतील पाणी यांपैकी काहीच त्या कागदावर उरलेले नसते.

जेथे कागद मुका असतो, तेथे वाचणाऱ्याचे मन बोलू लागते. “अशा प्रसंगी स्त्री अमुक करीलच, तमुक करणारच नाही” अशा समजुती मनुष्यमात्राच्या ठिकाणी असतात, आणि न्यायाधीशही त्याला अपवाद नसतात. माझे आजचे प्रतिपादन एवढेच आहे की, या विषयातील पुराव्याच्या नियमांचा इतिहास म्हणजे अशा अव्यक्त समजुतींना उजेडात आणून त्यांपैकी कोणती ग्राह्य आणि कोणती त्याज्य, हे ठरविण्याचा इतिहास होय. ज्या शिस्तीमुळे पीडित स्त्रीला न्याय मिळतो, तीच शिस्त निरपराध आरोपीचेही रक्षण करते, हे त्याचेच दुसरे अंग आहे.

अपील म्हणजे काय, याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आपल्या कायद्यात दोषसिद्धीविरुद्धचे पहिले अपील हे केवळ कायद्याच्या मुद्द्यांपुरते नसते. संपूर्ण पुरावा नव्याने तोलण्याचा अधिकार, किंबहुना ते कर्तव्य, त्या न्यायालयावर असते. १९३४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने भारतातून गेलेल्या एका अपिलात म्हटले होते की, निर्दोष ठरविण्याच्या निकालाविरुद्धही उच्च न्यायालयाला पुराव्याचा पूर्ण फेरविचार करता येतो. परंतु ज्या न्यायाधीशाने साक्षीदार प्रत्यक्ष पाहिला, त्याच्या मताला योग्य ते वजन दिले पाहिजे आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळालाच पाहिजे. अधिकार आणि संयम यांची ही जोडी अपिलाच्या न्यायाचा पाया आहे.

आता दुजोऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचला. एखादी गोष्ट सिद्ध करण्यासाठी साक्षीदारांची ठराविक संख्या आवश्यक नाही, असे त्यात स्वच्छ सांगितले होते. साक्षीदार मोजायचे नसून तोलायचे असतात, हे त्याचे तात्पर्य. बलात्काराच्या खटल्यात स्त्रीच्या साक्षीला दुजोरा हवाच, असे त्या कायद्यात कोठेही म्हटलेले नव्हते. पण इंग्लंडमध्ये सतराव्या शतकातील न्यायाधीश सर मॅथ्यू हेल यांच्यापासून अशी धारणा चालत आली होती की, हा आरोप करणे सोपे आणि खोटा ठरविणे अवघड. यास्तव स्त्रीच्या केवळ शब्दावर विसंबणे धोक्याचे आहे, अशी सूचना तेथील न्यायाधीश ज्यूरीला देत असत. ही रूढी आपल्याकडे आली आणि आपल्या न्यायालयांनी ती गुन्ह्यातील साथीदाराच्या साक्षीसंबंधीच्या नियमाशी जोडली. जिच्यावर अत्याचार झाला तिला, साक्षीच्या तराजूपुरते का होईना, साथीदाराच्या शेजारी बसविण्यात आले.

या रूढीचे टोक कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरण १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. राजस्थानातील तो खटला आठ वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराचा होता. प्रथम न्यायालयाने आरोपीला दोषी ठरविले. अपिलात सत्र न्यायाधीशांनी त्याला सोडून दिले. पुराव्याने नैतिकदृष्ट्या खात्री पटते, परंतु कायद्याच्या दृष्टीने तो अपुरा आहे, असे त्यांनी म्हटले. उच्च न्यायालयाने दोषसिद्धी पुन्हा कायम केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी त्या वेळी स्पष्ट केले की, दुजोरा हा कायद्याचा नियम नसून सावधगिरीचा नियम आहे. न्यायाधीशाने ती सावधगिरी मनात बाळगली पाहिजे, पण दुजोऱ्यावाचून शिक्षा देताच येत नाही असे नव्हे. मुलीने घटनेनंतर काही तासांतच आईला जे सांगितले, तेही दुजोरा म्हणून पुरेसे मानण्यात आले.

हा निकाल इतका स्वच्छ होता की, प्रश्न तेथेच मिटावयास हवा होता. तो मिटला नाही. सावधगिरी ही मनाची वृत्ती आहे, आणि वृत्तीची सवय झाली की तिचाच कायदा होतो. शरीरावर जखमा आहेत काय, कपडे फाटले आहेत काय, तिने आरडाओरडा केला काय, ती आधीपासून ‘संबंधाला सरावलेली’ होती काय, या प्रश्नांची जणू एक यादीच तयार झाली. यादीतील प्रत्येक उत्तराला ‘दुजोरा’ हे नाव मिळाले आणि उत्तर नकारार्थी आले की तो संशय ठरला.

याचा सर्वांत बोलका पुरावा महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका अपिलात मिळतो. तो खटला पीडित मुलीच्या नावाने सर्वश्रुत आहे. तथापि अशा गुन्ह्यातील पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास १९८३ पासून कायद्याने मनाई आहे, आणि त्या मनाईमागचा हेतू ध्यानात घेऊन मी ते येथे घेत नाही. २६ मार्च १९७२ ची रात्र. त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीला जबाबासाठी आणण्यात आले होते. तक्रार तिच्या भावाने केली होती आणि तिची नातेवाईक मंडळी बाहेर थांबली होती. डॉक्टरांच्या अंदाजाप्रमाणे तिचे वय चौदा ते सोळा वर्षे होते. एका शिपायाने ठाण्याच्या आवारात तिच्यावर बलात्कार केला आणि हेड कॉन्स्टेबलने तिचा विनयभंग केला, असा आरोप होता.

१ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. संबंध घडला असेल, पण बलात्कार सिद्ध होत नाही, असे त्या न्यायालयाचे मत पडले आणि मुलीच्या पूर्वायुष्याचा तेथे ऊहापोह झाला. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरविला. दोन्ही पोलीस त्या मुलीला सर्वस्वी अनोळखी होते. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात भीतीपोटी निमूटपणे वश होणे म्हणजे संमती नव्हे, असे सांगून त्या न्यायालयाने शिपायाला पाच वर्षांची आणि हेड कॉन्स्टेबलला एक वर्षाची सक्तमजुरी दिली. या दोषसिद्धीविरुद्ध आरोपी सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ सप्टेंबर १९७८ रोजी न्यायमूर्ती कोशल यांनी लिहिलेल्या निकालपत्राने दोघांचीही मुक्तता झाली. मुलीच्या अंगावर जखमेची खूण नाही, तेव्हा तिने कसून प्रतिकार केल्याची हकीकत खोटी, घडलेला प्रकार शांततेने घडला आणि कायद्याला अभिप्रेत असलेली मृत्यूची किंवा दुखापतीची भीती सिद्ध झालेली नाही, असा त्या निकालाचा तर्क होता.

येथे थोडे थांबून विचार करावा. तिन्ही न्यायालयांपुढे साक्षीचा कागद एकच होता. कोणाही वरिष्ठ न्यायालयाने नवा साक्षीदार तपासला नाही. फरक पडला तो मौनाच्या अर्थात. नागपूरच्या न्यायमूर्तींनी त्या मौनात भीती वाचली, दिल्लीच्या न्यायमूर्तींनी त्यातच संमती वाचली. जखम नाही म्हणून प्रतिकार नाही, आणि प्रतिकार नाही म्हणून संमती आहे, या दोन पायऱ्यांपैकी एकीलाही पुराव्याचा आधार नव्हता. त्या दोन्ही समजुती होत्या, आणि समजुतींनी पुराव्याचा वेष घेतला होता.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार विधिशास्त्राच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. वश होणे आणि संमती देणे यांत कायद्याच्या आणि साध्या व्यवहारबुद्धीच्याही दृष्टीने अंतर आहे, हा त्या पत्राचा गाभा होता. १९८० मध्ये मुंबई, दिल्ली आणि अन्य शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्याच वर्षी विधी आयोगाने आपला चौऱ्याऐंशीवा अहवाल या विषयावर सादर केला. न्यायालयीन निकालाच्या तर्कावर देशभर इतकी चर्चा होण्याचे असे प्रसंग आपल्या इतिहासात थोडेच आहेत.

त्याचे फळ १९८३ च्या दुरुस्तीत दिसते. पुरावा कायद्यात कलम ११४-अ आले. पोलीस, लोकसेवक, तुरुंग वा रुग्णालयाचे कर्मचारी अशा अधिकाराच्या जागी असलेल्यांनी केलेल्या बलात्काराच्या आणि सामूहिक बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने न्यायालयात संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, असा त्याचा आशय. हे गृहीत अखेरचे नव्हे, आरोपीला ते खोडून काढता येते. शिवाय संबंध सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षावरच राहते. जी समजूत आजवर न्यायाधीशाच्या मनात अबोलपणे काम करीत होती, तिच्या जागी कायद्याने दुसरी समजूत उघडपणे, लिहून ठेवली, एवढेच येथे घडले. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली आहे, आणि हा नियम आता त्यातील कलम १२० मध्ये आहे.

त्याच १९८३ साली गुजरातमधून आलेल्या अपिलात न्यायमूर्ती ठक्कर यांनी दुजोऱ्याच्या हट्टाचा कठोर समाचार घेतला. दुजोरा नाही एवढ्यासाठी स्त्रीची साक्ष नाकारणे म्हणजे जखमेवर अपमानाची भर घालणे होय, असे त्यांचे मत होते. साक्षीतील बारीकसारीक विसंगतींविषयीही त्यांनी मार्मिक विवेचन केले. माणसाची स्मरणशक्ती म्हणजे छायाचित्र नव्हे, वेळेचे आणि अंतराचे अंदाज चुकतात, आणि न्यायालयाच्या वातावरणाने भांबावलेला साक्षीदार एखादा तपशील आपल्याच कल्पनेने भरून काढतो. म्हणून गाभ्याला धक्का न लावणाऱ्या विसंगतीने साक्ष ढासळत नाही.

परंतु त्याच निकालात एक युक्तिवाद असा होता, जो मला अपुरा वाटतो. भारतीय समाजातील स्त्री लोकलज्जेमुळे खोटा आरोप करणार नाही, पाश्चात्त्य समाजाची गोष्ट निराळी, असे तेथे म्हटले होते. हेतू उदात्त होता, तथापि हीही समजूतच. जी स्त्री लाजाळू नाही, जी धीटपणे बोलते, जिचे राहणे शेजाऱ्यांना पसंत नाही, तिचा शब्द मग हलका धरावा काय? स्त्रीचे चित्र गौरवाचे असो वा संशयाचे, त्या चित्राशी ताडून साक्ष तोलणे हाच मुळात दोष आहे.

यापेक्षा पक्का पाया १९९० च्या निकालात सापडतो. तो खटला नागपुरातील एका पोलीस उपनिरीक्षकाविरुद्ध होता. सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरविले, उच्च न्यायालयाने अपिलात सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी पुन्हा कायम केली. न्यायमूर्ती अहमदी यांनी सांगितले की, पीडित स्त्री ही गुन्ह्यातील साथीदार नव्हे. तिची साक्ष जखमी साक्षीदाराच्या साक्षीच्या तोलाची मानावी. मारामारीत जखमी झालेल्या माणसाला आपण दुजोरा मागत नाही, मग हिलाच तो का मागावा? १९९६ मध्ये पंजाबातील एका शाळकरी मुलीच्या प्रकरणात न्यायमूर्ती आनंद यांनी आणखी पुढे जाऊन सांगितले की, फिर्याद देण्यास विलंब का झाला याचा विचार कुटुंबाची परिस्थिती ध्यानात घेऊन करावा, असे खटले बंद दाराआड चालवावेत आणि न्यायाधीशांनी मुलीच्या चारित्र्यावर शेरे मारू नयेत. इंग्लंडमध्ये ज्यूरीला ती सक्तीची सूचना देण्याची प्रथा १९९४ च्या कायद्याने संपली, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

पुढील पावले थोडक्यात सांगतो. स्त्री ‘सामान्यतः अनीतिमान’ आहे असे दाखवून तिची साक्ष खोडण्याची मुभा पुरावा कायद्यात होती. ती २००३ मध्ये काढून टाकण्यात आली. २०१३ च्या दुरुस्तीने संमतीच्या प्रश्नावर तिचे पूर्वीचे लैंगिक जीवन अप्रस्तुत ठरविले. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हेही गुन्ह्याच्या व्याख्येतच घातले. देसाईगंजच्या मुलीला जे हवे होते, ते कायद्याच्या पुस्तकात यावयास एकेचाळीस वर्षे लागली. वैद्यकीय तपासणीतील ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निषिद्ध ठरविली. तरीही ती चालूच राहिली, म्हणून २०२२ मध्ये झारखंडमधील एका अपिलाचा निकाल देताना ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असे त्या न्यायालयास बजावावे लागले.

आता दुसऱ्या पारड्याकडे पाहू. दुजोरा आवश्यक नाही याचा अर्थ परीक्षण आवश्यक नाही असा कोणी केला, तर तो अनर्थ होईल. २०१२ मध्ये दिल्लीतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, एकट्या साक्षीवर शिक्षा द्यावयाची तर ती साक्ष अस्सल नाण्यासारखी खणखणीत हवी, म्हणजे प्रारंभापासून अखेरपर्यंत सुसंगत, उलटतपासणीत टिकणारी आणि इतर परिस्थितीशी जुळणारी. आरोपीच्या निर्दोषतेचे गृहीत हे या खटल्यांतही तितकेच पवित्र आहे.

त्याची उपेक्षा झाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण उत्तर प्रदेशात आहे. ललितपूर जिल्ह्यातील एका तरुणाला २००० साली अटक झाली आणि २००३ मध्ये बलात्काराच्या आरोपावरून जन्मठेपेची शिक्षा झाली. त्याने तुरुंगातून केलेले अपील त्रुटींमुळे सोळा वर्षे नुसते पडून राहिले. अखेर जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने पेपर-बुक उघडले, तेव्हा साक्षींत परस्परविरोध, वैद्यकीय पुराव्याशी विसंगती आणि जमिनीच्या वादाची पार्श्वभूमी आढळली. तो निर्दोष ठरला. तोवर त्याच्या आयुष्याची सुमारे वीस वर्षे तुरुंगात गेली होती. येथे साक्षीचा कागद चुकीचा वाचला गेला एवढेच नव्हे, तो वाचलाच गेला नाही.

कोणी विचारील, जखमा नाहीत आणि फिर्यादीला विलंब झाला, हे एका खटल्यात संशयाचे कारण का, आणि दुसऱ्यात का नाही? उत्तर असे की, कोणतीही एक खूण स्वतः काही सिद्ध करीत नाही, ती संपूर्ण हकीकतीशी ताडावी लागते. स्त्री म्हणते की मी भीतीने गप्प राहिले, तर जखमांचा अभाव तिच्या म्हणण्याशी जुळतो. हकीकत जोरकस मारहाणीची असेल, तर तोच अभाव प्रश्न निर्माण करतो. तसेच, पोलिसांपुढील जबाबात एखादी गोष्ट आली नाही म्हणून साक्षीत ती नंतर रचली, असा युक्तिवाद अपिलात हमखास होतो. तो जबाब पोलीस स्वतःच्या शब्दांत लिहितात आणि त्यावर साक्षीदाराची सहीही घेतली जात नाही. दंडप्रक्रियेच्या कायद्यातील स्पष्टीकरणानुसार प्रत्येक वगळ ही विसंगती नसते. ती महत्त्वाची आणि प्रस्तुत असेल तरच विसंगती ठरते, आणि ते प्रत्येक प्रकरणाच्या संदर्भात ठरवावे लागते.

म्हणून अपिलाच्या न्यायाधीशाने पेपर-बुक मिटण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे : माझ्या निष्कर्षाची ही पायरी कागदावर आहे, की माझ्या मनात? ती मनात असेल, तर कायद्याने ती मला दिली आहे, की मी ती घरून आणली आहे? हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला, तर १९७८ चा निकाल तसा लागला नसता आणि ललितपूरचा कैदी इतकी वर्षे खितपत पडला नसता. नियम आता पुष्कळसे लिहिले गेले आहेत. ते वाचण्याची, आणि ज्यांच्यासाठी ते लिहिले त्यांची अपिले वेळेवर उघडण्याची जबाबदारी उरली आहे. ती न्यायाधीशांची आहे, वकिलांची आहे आणि न्यायालयाच्या निकालांवर विचार करणाऱ्या तुम्हा आम्हा नागरिकांचीही आहे.